आवाज बंद करून पाहिलेली लढत

पाहुणी ठरल्या वेळेला आली, हे दादाला मुळीच आवडले नाही. ती उशीर करील, चेहरा सुजला आहे म्हणून निरोप धाडील, निदान रस्ता तरी चुकेल, अशा दोन-तीन आशा त्याने सकाळपासून पोसल्या होत्या. पण जी बाई रोज शहरभर बस चालवते ती रस्ता चुकणार तरी कशी? संत्र्यांची पिशवी हातात घेऊन ती दारात उभी होती. डावा डोळा जांभळा, ओठ फाटलेला, आणि त्या फाटक्या ओठांतून जमेल तेवढे हसू.

आदल्या संध्याकाळी, याच जिन्याखालच्या हॉलमध्ये, तिने या घरच्या मुलीशी आठ फेऱ्या बॉक्सिंग केले होते आणि गुणांवर ती हरली होती. आज ती त्याच घरी जेवायला आली होती. बाहेरच्यांना यात काहीतरी वेडेपणा दिसे. पण दादाचे वडील नाना यांनी बॉक्सर म्हणून उभ्या हयातीत परगावी जाऊन मार खाल्ला होता, आणि जिंकणाऱ्याच्या घरून त्यांना कधी कोणी पाणीसुद्धा विचारले नव्हते. स्वतःचा हॉल उघडला त्या दिवशी त्यांनी ठरवून टाकले की आपल्या रिंगमध्ये जो पाहुणा म्हणून येईल, तो जिंको वा हरो, दुसऱ्या दिवशी आपल्या टेबलावर जेवेल. आणि जेवण झाले की सगळ्यांनी मिळून ती लढत पुन्हा पाहायची. आवाज बंद करून.

या शेवटच्या तीन शब्दांनी दादाची रात्रीची झोप उडवली होती.

खाली हॉल आणि वर बिऱ्हाड, अशी ती जुनी दुमजली इमारत. जेवणाचे टेबल चौघांचे. त्यामुळे पाहुणे आले की खालचे मालिशचे टेबल वर आणून त्याला जोडायचे आणि दोन्हींवर मिळून एक चादर पसरायची. तरी मधोमध एक उंचवटा राही, आणि त्यावर ठेवलेले भांडे हमखास कलंडे. आजही बटाट्यांचे भांडे कलंडलेच. पाहुणीने ते हवेतल्या हवेत उजव्या हाताने झेलले. टेबलाच्या टोकाला बसलेल्या नानांनी त्या हाताकडे जरा जास्तच वेळ पाहिले, आणि ते दादाने पाहिले.

घरात दादाला फक्त चिमणीच बाबा म्हणे. बाकी सगळ्यांचा, अगदी हॉलच्या झाडूवाल्याचाही, तो दादाच होता. नानांचा हा थोरला मुलगा लढतींचा आयोजक. हॉल ठरवणे, परवाने काढणे, खुर्च्या मांडणे, प्रतिस्पर्धी शोधून आणणे हे त्याचे काम, आणि ते तो उत्तम करी. त्याची एकुलती एक मुलगी चिमणी. हे नाव तिला जन्मताच पडले होते, कारण तेव्हा ती मुठीत मावण्याएवढी होती. आता तिच्या मुठीत बऱ्याच जणी मावत. आजवरची एकही लढत ती हरली नव्हती. वसंतात तिची अजिंक्यपदाच्या पट्ट्याची लढत ठरली होती, आणि त्या लढतीच्या आधी एक शेवटची सोपी पायरी म्हणून दादाने ही बस चालवणारी बाई शोधून काढली होती. कागदावर ती हरतच आलेली होती. बहुतेक लढती परगावी, बहुतेक गुणांवर, आणि बहुतेक थोडक्यात.

सोपी पायरी आता चिमणीच्या शेजारी बसून कोंबडीचा तुकडा सोलत होती आणि कामावरच्या गमती सांगत होती. डोळा असा काळानिळा असला की बसमधली टवाळ पोरे आपसूक मागे जाऊन गप्प बसतात, म्हणून बसची पुढची पाळी लागायच्या आत डोळा बरा होऊ नये असेच तिला वाटते. चिमणीला हसताना बरगडी दुखत होती; तरी ती हसत होती. फ्रीजमधली मटारची एक गोठलेली पिशवी दोघी आलटून पालटून आपापल्या तोंडावर दाबत होत्या. काल ज्या मुठींनी एकमेकींची तोंडे सुजवली, त्या मुठी आज एकाच पिशवीसाठी ‘तू घे, तू घे’ करत होत्या. एरवी हे दृश्य दादाला फार आवडले असते. कार्यक्रमपत्रिकेवर छापावे असे दृश्य.

जेवण संपत आले तसा तो बोलका झाला. पाहुणीला उद्या पहाटेची पाळी आहे, तिला परतीचा लांबचा पल्ला आहे, नानांच्या डोळ्यांना आजकाल पडदा सोसत नाही, आणि तसेही कॅमेरा टीव्हीला जोडायची केबल सकाळपासून सापडत नाही, असे त्याने एका दमात सांगून टाकले. नानांनी आपल्या डोळ्यांना काही झालेले नाही असे शांतपणे नोंदवले. आत्याने मात्र भावाची बाजू उचलून धरली.

आत्या म्हणजे दादाची धाकटी बहीण. आठवडाभर ती दवाखान्यात जखमा बांधी आणि लढतीच्या दिवशी चिमणीच्या कोपऱ्यात उभी राहून फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात तिचे रक्त थांबवी. मुलीच्या हाताला पहिली पट्टी तिनेच गुंडाळली होती, आणि मुलीच्या कमरेला तो पट्टा पाहिल्याशिवाय तिला दुसरे काही सुचणार नव्हते. तिने सांगितले की एक दिवस नाही पाहिली लढत, तर काही आकाश कोसळत नाही. सगळे दमले आहेत. संत्री खाऊ या.

उरलेला भाऊ पंचकाका. याचा तर प्रश्नच वेगळा. तो बॉक्सिंग मंडळाचा परवानाधारक पंच होता, आणि रिंगपासून दूर असतानाही त्याच्यातला पंच उठून बसलेला असे. लग्नात पंगतीला बसला तरी तो पदार्थांना दहापैकी गुण द्यायचा. घरच्या मुलीच्या लढतीला त्याला नेमता येत नसे, म्हणून काल तो शेवटच्या रांगेत बसला होता आणि निकाल लागताच कोणाला न भेटता घरी निघून गेला होता. आता तो हात पुसत म्हणाला की एका पंचाने दुसऱ्या पंचांच्या निकालावर आणखी मत देणे शिष्टसंमत नाही, म्हणून आपण तोवर गच्चीवर जाऊन येतो.

“बस खाली,” नाना म्हणाले.

तो बसला.

दादाला वाटले, आता मते तीन विरुद्ध एक आहेत, जमून जाईल. वहिनीचा हिशेब त्याने धरलाच नव्हता. त्याच्या बायकोला घरातले सगळे, शेजारपाजारचे धरून, वहिनीच म्हणत, आणि वहिनी लढत कधीच पाहत नसे. मुलीच्या पहिल्या लढतीपासून तिचा नेम होता की रिंगची घंटा वाजली की आपण भांडी घासायची. तिच्याइतकी लखलखीत भांडी त्या रस्त्यावर कोणाकडे नव्हती. मघाशी ती आणि पाहुणी स्वयंपाकघरात बराच वेळ ताटे पुसत उभ्या होत्या, हे दादाने पाहिले होते. त्यात त्याला काही वावगे वाटले नव्हते.

आता वहिनी खुर्चीवर अडकवलेल्या त्याच्या जाकिटापाशी गेली, आतल्या खिशात हात घातला आणि केबल काढून टेबलावर ठेवली.

“घरभर शोधली असतीत तर सापडली असती,” ती म्हणाली. “आज मीपण बघणार आहे.”

चिमणीने मान वळवून आईकडे पाहिले. आत्याने संत्रे खाली ठेवले.

“तू?” दादाने विचारले.

“हो, मी. आणि तुम्हीपण कारण ऐका. हिचा परवाना पुढच्या महिन्यात मंडळापुढे जाणार आहे. इतक्या लढती ओळीनं हरलेल्या बाईला आता खेळू द्यायचं नाही, असं म्हणतायत ते. कालचीही हार धरली तर संपलं हिचं.”

पाहुणी गोरीमोरी झाली. हे आपण ताटे पुसताना काकूंना सहज सांगितले होते, ते कोणाला ऐकवायला नव्हते, असे ती पुटपुटली. खेळात हे चालायचेच. परगावी गेले की गुण यजमानाच्या पोरीला जातात, हे आपण गृहीतच धरतो. ठोसा देऊन पाडता आले तर जिंकायचे, नाही तर हात मिळवून घरी यायचे. यात तक्रारीचा सूर नव्हता. रस्त्यावर खड्डे असतात हे जितक्या सहज सांगावे तितक्या सहज ती ते सांगत होती, आणि म्हणूनच दादाला ते ऐकवेना.

कोचावर मधोमध दोघी बॉक्सर बसल्या. रिवाजाप्रमाणे जे लढले त्यांनी हात वर करायचा नसतो, नुसते पाहायचे. बाकीचे मागे खुर्च्यांवर. नियम नानांचे होते आणि ते घरातल्या प्रत्येकाला पाढ्यांसारखे पाठ होते. आवाज पूर्ण बंद, कारण आपल्या हॉलमध्ये आपलीच माणसे ओरडतात. आपल्या मुलीचा ठोसा हवेत गेला तरी गर्जना होते आणि समोरचीचा बरगडीत बसला तरी शांतता असते. कान डोळ्याला फितवतो, असे नाना म्हणत. फेरी संपली की नाना चमचा ग्लासावर वाजवणार, आणि त्या क्षणी प्रत्येकाने हात वर करायचा. लाल कोपऱ्याची फेरी असेल तर डावा, निळ्याची असेल तर उजवा. विचार करायचा नाही, दुसऱ्याच्या हाताकडे पाहायचे नाही, बरोबरी नाही. लहानपणी दादा, पंचकाका आणि आत्या यांपैकी ज्याचा हात रेंगाळे त्याला नाना खाली दोरीवर उड्या मारायला धाडत. काही मुले शाळेत जाण्याआधी पोहायला शिकतात. ही तिघे फेरी ओळखायला शिकली होती.

चिमणी लाल कोपऱ्यात होती. पहिली फेरी तिने घेतली. पडद्यावर ती छान हलत होती, तिचा डावा हात पाहुणीच्या तोंडावर टकटक करत होता. चमचा वाजला आणि खोलीत सगळे डावे हात वर गेले. वहिनीने क्षणभर डावा-उजवा यात गोंधळ केला, पण तिचाही डावाच. दादाने श्वास सोडला. उगाच घाबरलो, त्याने स्वतःला सांगितले. मुलगी जिंकली होती, तीन पंचांपैकी दोघांनी तसे लिहिले होते; आणखी काय हवे?

काल त्याने लढत धड पाहिलीच नव्हती. खुर्च्या कमी पडल्या होत्या, एक दिवा फडफडत होता, दारावर कोणीतरी दुसऱ्याच कार्यक्रमाचे तिकीट घेऊन हुज्जत घालत होते. त्याने लढत ऐकली होती. बाहेरच्या मार्गिकेत उभा राहून त्याने आठही फेऱ्यांची गर्जना ऐकली होती, आणि गर्जना चिमणीच्याच नावाची होती.

दुसऱ्या फेरीत आवाज नव्हता. आणि आवाज नसला की काय उरते ते त्याला दिसू लागले. चिमणी पुढे जात होती खरी, पण तिचे ठोसे पाहुणीच्या दंडांवर थांबत होते. पाहुणी मागे जात होती, पण जाता जाता एक छोटा, आखूड, कंजूष उजवा हात बरगडीखाली ठेवून जात होती. एखाद्याने गर्दीत हळूच पाकीट मारावे तसा. चमचा वाजला. दादाने मान वर केली तेव्हा त्याचा स्वतःचा उजवा हात छताकडे रोखलेला होता.

तो त्याने घाईने खाली घेतला. कोणी त्याच्याकडे पाहिले नव्हते. नियमच तसा होता. मात्र सगळ्यांचे हात उजवेच होते, आत्याचासुद्धा.

तिसऱ्या फेरीला त्याने ठरवून डावा हात वर केला. डावा हात वर करणारा तो एकटाच होता. या वेळी नानांनी त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. दोरीवर उड्या मारायला धाडण्याआधी ते असेच पाहत. चौथी चिमणीची होती, निर्विवाद, आणि डावा हात उंच धरताना त्याला इतका आनंद झाला की त्याला स्वतःचीच लाज वाटली. पाचव्या फेरीच्या सुरुवातीलाच त्याने खबरदारी म्हणून उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला. एव्हाना त्याला सगळे उघड दिसत होते. चिमणी दमली होती, तिचे खांदे उतरले होते, आणि समोरची बाई चढ चढणाऱ्या बससारखी एका वेगात, न थांबता, येतच होती. चमचा वाजला. मांडीखालचा हात सुटला आणि वर गेला. त्याने तो वर नेला नव्हता. ते काम कित्येक वर्षांपूर्वीच्या एका मुलाने केले होते, ज्याला दोरीवर जायचे नव्हते.

नंतर त्याने हाताशी झगडणे सोडून दिले. शेवटच्या चारही फेऱ्यांना खोलीत एकही डावा हात नव्हता.

पडद्यावर रिंगमधल्या रेफरीने दोघींची मनगटे धरली, आणि चिमणीचा हात वर गेला. मूक गर्दी उड्या मारत होती, तोंडे उघडत मिटत होती. पडद्यावरची चिमणी हसत नव्हती. ती गर्दीत कोणाला तरी शोधत होती. नानांनी टीव्ही बंद केला.

पाहुणी घसा साफ करून म्हणाली की तिसरी फेरी कोणालाही देता आली असती. ही निव्वळ सभ्यता होती.

“नसती देता आली,” चिमणी म्हणाली. ती वळून कोचावर गुडघे टेकून बसली, पाठीवर हनुवटी टेकवली आणि सरळ दादाकडे पाहू लागली. लहानपणी गाडीच्या मागच्या काचेतून ती अशीच पाहत असे.

“बाबा, तुम्ही पंचांना काय सांगितलं होतं?”

“काही नाही. चहा दिला. सगळेच आयोजक देतात.”

“चहा देताना काय सांगितलं?”

दादाने पंचकाकाकडे पाहिले. पंचकाका आपल्या बुटांकडे पाहत होता. मग दादाने आत्याकडे पाहिले, पण तिने नजर मटारच्या पिशवीवर लावली होती.

“म्हटलं, वसंतातल्या कार्यक्रमालाही तुम्हीच या,” तो म्हणाला. “एवढंच. खरंच एवढंच. मी कोणाला काही दिलं नाही, कोणाकडून काही मागितलं नाही.”

 वहिनीला यात विशेष काय आहे ते कळेना, आणि तिने तसे विचारलेही. उत्तर पंचकाकाने दिले, बुटांवरची नजर न काढता.

“वहिनी, एवढं पुरतं. मलापण दर कार्यक्रमाला कोणीतरी हे सांगतं. बिस्किटाची बशी पुढे करत, अगदी प्रेमानं. आणि मग फेरी अटीतटीची झाली की मी कागदावर आकडा लिहिण्याआधी मला ते बिस्किट आठवतं.” मग त्याने पाहुणीकडे पाहिले. “काल तिसऱ्या पंचाची गाडी उशिरा आली, त्यानंच रात्री फोनवर सांगितलं. तो आला तेव्हा चहा संपला होता. त्यानं सहा फेऱ्या हिला दिल्या.”

हे दादाला ठाऊक होते. पंचांचे कागद त्यानेच गोळा केले होते. दोघांचे कागद वाचून त्याने तिसरा घडी घालून सगळ्यांच्या खाली ठेवला होता, आणि ठेवताना असे काहीतरी पुटपुटला होता की या नव्या पंचाला अजून शिकायचे आहे.

चिमणीचा आवाज बदलला. आतापर्यंत ती चिडलेली होती; आता ती घाबरलेली वाटली.

“मग आधीच्या लढती? त्यापण चहावर?”

“नाही,” दादा म्हणाला. “नाही गं. त्या तुझ्या आहेत. तेव्हा पंचांना तू काही कामच ठेवलं नाहीस. हवं तर सगळ्या लावून बघू, आवाज बंद करून.”

“मग हिच्या वेळीच का?”

हे सांगणे सर्वांत कठीण होते, कारण ते त्याच्या धंद्याच्या अभिमानाला लागत होते. लढतीच्या आधी तो खाली गेला होता, आणि कपडे बदलायच्या खोलीबाहेर पाहुणी एकटीच आरशापुढे हवेत ठोसे मारत सावलीशी खेळत होती. दादाने दोन मिनिटे पाहिले. माणसे ओळखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि दोनच मिनिटांत त्याच्या लक्षात आले की आपण चुकीची बाई आणली आहे. कागदावरच्या हारींचा त्याने हिशेब केला होता. त्या हारी कशा लागतात, कोणत्या खोलीत, कोणत्या चहाबरोबर, याचा केला नव्हता. हे ठाऊक असायला त्याच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. तिथून तो सरळ पंचांच्या खोलीत गेला होता.

हे सगळे त्याने तुटक तुटक सांगितले. बोलताना तो पाहुणीकडे पाहत नव्हता. ती मात्र ऐकता ऐकता किंचित ताठ बसली. आपण चांगले खेळतो हे तिला कोणी आयोजकाने यापूर्वी सांगितले नसावे. सांगितले तेही असे.

यानंतर जो गलका झाला त्यात या घराने आपली परंपरा राखली. चिमणीने जाहीर केले की ती आत्ताच मंडळाकडे तक्रार करणार. पंचकाकाने सांगितले की नियमाने तक्रार हरलेल्यानेच करायची असते. जिंकलेल्याने आपण जिंकलो म्हणून तक्रार केल्याचे आजवर ऐकिवात नाही आणि त्यासाठी मंडळाकडे रकानाही नाही. मग हिने करावी, असे वहिनी म्हणाली. पाहुणीने नम्रपणे नकार दिला. तक्रार करणाऱ्या बाईला पुढे कोणी लढतीला बोलावत नाही. परवाना वाचला तरी तो घेऊन बसच चालवायची, आणि त्यासाठी तिच्याकडे दुसरा परवाना आहे. आत्या सगळ्यांवर भडकली. निकाल फिरला की पट्ट्याची लढत गेली, वसंत गेला, आणि त्यासाठी या पोरीने पहाटे पहाटे गाळलेला घाम कोण परत देणार? कोणीतरी हिच्याही बाजूने बोला ना, असे म्हणताना तिचा आवाज चिरकला.

“आत्या,” चिमणी म्हणाली, “तूसुद्धा उजवाच हात वर केलास.”

 आत्याने एक संत्रे उचलले, सोलले, आणि अर्धे पाहुणीपुढे धरले.

पंचकाकाने मग घसा खाकरून नियमातली उरलेली वाट सांगितली. निकालाच्या फेरविचाराचा अर्ज आयोजकही करू शकतो. अशी तरतूद आहे. कोणी कधी वापरली नाही, एवढेच.

सगळे दादाकडे पाहू लागले. दादा नानांकडे पाहू लागला. लहान असताना चुकले की ओरडा बसे आणि मोकळे होता येई. त्याला आत्ता तसा ओरडा हवा होता. पण नाना चमचा रुमालाने पुसत बसले होते.

“नाना, बोला ना काहीतरी.”

“मी काय बोलू?” नाना म्हणाले. “हात तूच वर केलास.”

अर्ज केला तर पट्ट्याची लढत जाणार होती. मंडळाने कारण विचारले तर आयोजकाचा परवानाही, आणि परवान्याबरोबर खालच्या हॉलचे दिवे. अर्ज नाही केला तर काहीच होणार नव्हते. पाहुणी संत्रे संपवून, आभार मानून निघून गेली असती. तिच्या वागण्यात तेवढे उघड होते. चिमणी वसंतात रिंगमध्ये उतरली असती आणि हात वर झाला की गर्दीत कोणालातरी शोधत राहिली असती. दर वेळी. पडद्यावरचा तो चेहरा दादाला अजून दिसत होता. काल निकालाला आत आल्यावर ती आपल्याकडे कौतुकाने पाहते आहे असे समजून त्याने तिला हात हलवून दाखवला होता.

त्याने फोन उचलला.

मंडळाचा चिटणीस घरीच होता आणि बहुधा जेवत होता, कारण पहिली दोन वाक्ये तो घास गिळत बोलला. कालच्या कार्यक्रमाबद्दल त्याने दादाचे तोंड भरून अभिनंदन केले. दादाने निकालाच्या फेरविचाराचा विषय काढला. चिटणीसाला वाटले, गुणांचा फरक कमी पडला म्हणून दादा नाराज आहे. तो समजूत घालू लागला की विजय तो विजय, दोन विरुद्ध एक काय आणि तीन विरुद्ध शून्य काय, आणि त्या तिसऱ्या पंचाला आपण समज देऊ.

“त्याला काही समज देऊ नका. त्याचाच कागद बरोबर आहे,” दादा म्हणाला.

पलीकडे चमचा ताटात ठेवल्याचा आवाज आला. निकाल तर तुमच्याच बाजूने लागला आहे ना, असे चिटणीसाने सावकाश, आजारी माणसाला विचारावे तसे विचारले. मग हा अर्ज नेमका कोणाच्या विरुद्ध?

“माझ्या.”

वहिनी भांडी घासायला उठली नव्हती. ती मुलीच्या मागे, कोचाच्या पाठीला टेकून उभी होती.

आपण पंचांना निकालाआधी पुढच्या कार्यक्रमाचे बोलावणे दिले, तेही मुद्दाम, हे दादाने सांगितले.  दादा, याचे काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे ना, असे चिटणीसाने विचारले, आणि दादाने ठाऊक आहे म्हणून सांगितले. अर्ज उद्या कचेरीत द्यावा, असे चिटणीस म्हणाला; त्याच्या मनात बहुतेक दादाला रात्रभर विचार करायला वेळ द्यायचा होता. दादाने नको म्हटले. आत्ताच लिहून घ्या, तुमच्या परवान्यांच्या बैठकीआधी हे कागदावर आलं पाहिजे.

कागद शोधण्याची खुडबुड झाली.

“सांगा,” चिटणीस म्हणाला. “निकाल काय असायला हवा होता?”

एवढे बोलून झाल्यावर हे वाक्य सोपे असेल असे दादाला वाटले होते. चिमणी कोचावरून उठून त्याच्या खुर्चीपाशी आली. तिने फोनला कान लावला, तेव्हा तिचे गरम, सुजलेले कानशील त्याच्या गालाला लागले.

“माझी मुलगी हरली,” दादा म्हणाला.

“किती फेऱ्यांनी?”

“पाच तिच्या, तीन आमच्या.”

“बाबा,” चिमणी हळूच म्हणाली.

दादाने डोळे मिटले.

“खोडा ते,” तो फोनमध्ये म्हणाला. “सहा आणि दोन.”